धाकट्यानं आधी बोलायचं

माझा उजवा पाय घोट्याच्या वर चिखलात गेला, तेव्हा मनात पहिला विचार आला तो बुटांचा. चोवीस वर्षं फौजेत काढली की माणसाचं असं होतं. आपण बुडतोय की काय ही काळजी नंतर. उद्या सकाळी साहेबांसमोर हे बूट घालून कसं उभं राहायचं, ही आधी.

राजस्थानातलं ते एक कोरडं तळं होतं. मैलभर रुंद, वर मिठाचा पांढराशुभ्र थर, दुपारच्या उन्हात डोळे दिपवणारा. नकाशावर त्याची नोंद ‘कोरडे, कठीण’ अशी होती आणि काठावरून पाहिलं तर खरोखरच क्रिकेटचा सामना भरवावा असं मैदान दिसायचं. मी दोनशे पावलं आत गेलो आणि जमिनीनं पाऊल गिळलं. वर पापड आणि खाली लापशी! पाय उपसून काढला, हातातली काठी दाबली, तर ती हातभर सहज आत गेली. आणखी चार ठिकाणी दाबून पाहिली. चारही ठिकाणी तेच. मग रुमालात मूठभर माती बांधली आणि आल्या पावली परत फिरलो.

मी सुभेदार हिंदूराव घार्गे, तालुका खटाव. त्या वेळी आमच्या डिव्हिजनच्या मुख्यालयात सँड मॉडेल बनवायचं काम माझ्याकडे होतं. लढाईआधी ज्या मुलखात लढायचं, त्याची छोटी प्रतिकृती जमिनीवर तयार करतात. वाळूच्या टेकड्या, निळ्या भुकटीची नदी, लाल फितीचे रस्ते. तिच्याभोवती अफसर बसतात आणि जनरल साहेब छडीनं दाखवत आपला बेत समजावतात. दिवाळीत घरोघरी किल्ले करतात ना, तसंच. फक्त आमच्या किल्ल्यावर मावळे ठेवताना कुणी हसत नाही. माझ्या हातचं मॉडेल तीन डिव्हिजनांत नावाजलेलं होतं, हे मी सांगितलं तर त्यात बढाई नाही. ज्या जागेचं मॉडेल, तिथली मूठभर माती त्यात असलीच पाहिजे, हा माझा शिरस्ता. त्यापायीच एकटा तळ्यावर गेलो होतो. मला कुणी पाठवलं नव्हतं.

आमचे जनरल होते मेजर जनरल अच्युत कारखानीस. एकाहत्तरच्या लढाईत ते आमच्या पलटणीचे कमांडिंग अफसर होते आणि मी नाईक, तेव्हापासूनची ओळख. चारचौघांत ते मला ‘घार्गे साहेब, तुम्ही’ म्हणत, एकटे असलो की ‘हिंदूराव, तू’. अंगानं किडकिडीत, आवाज हळू. रागावले की आणखी हळू बोलायचे. त्यांचा एक नियम सगळ्या डिव्हिजनला पाठ होता. मॉडेलपाशी बेत सांगून झाला की मत विचारायचं ते सगळ्यांत कनिष्ठापासून. तो मी. माझ्यानंतर मेजर, मग कर्नल, मग ब्रिगेडियर. साहेब स्वतः सगळ्यांत शेवटी. ‘धाकट्यानं आधी बोलायचं,’ एवढंच ते म्हणत. इतर ठिकाणी ब्रिगेडियर आधी ‘फार छान’ म्हणतो आणि खालचे सगळे माना डोलावतात. आमच्याकडे माझ्यासारख्याला तोंड उघडावं लागायचं. मी त्याला साहेबांची लहर समजत होतो.

अठ्ठ्याऐंशी सालचा तो मोठा युद्धसराव. समोर शत्रू म्हणून आमचीच दुसरी एक डिव्हिजन. गोळ्या खोट्या, पण रणगाडे खरे आणि आतली माणसंही खरी. साहेबांचा बेत धाडसी होता. पंचेचाळीस रणगाडे त्या कोरड्या तळ्यावरून सरळ पलीकडे न्यायचे आणि शत्रूच्या पाठीत उभं राहायचं. त्या बाजूनं कुणी येईल असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. गुपित राखण्यासाठी तळ्याकडे कुणाला फिरकू दिलं नव्हतं, कारण समोरच्यांची हेलिकॉप्टरं दिवसभर घिरट्या घालत होती.

आणि या सरावावर साहेबांची बढती टांगलेली होती. दोन महिन्यांनी लेफ्टनंट जनरलच्या पदासाठी बोर्ड बसणार होतं, जागा एकच होती, आणि बोर्डावरचे एक जण, खुद्द आर्मी कमांडर, सराव पाहायला येणार होते. बढती मिळाली तर साहेब कोअर कमांडर, म्हणजे तीन-चार डिव्हिजनांचे प्रमुख होणार. नाही मिळाली तर वर्षभरात घरी.

मी तळ्यावरून परतलो तेव्हा साहेबांचा ड्रायव्हर, लान्सनाईक जोतीराम खोत, गाडीपाशी एकटाच हसत उभा होता.

“सुभेदार साहेब, हिकडं या. कुनाला सांगू नगा,” म्हणत त्यानं सीटखालून एक लाल पाटी काढली. मेजर जनरलच्या गाडीवर दोन ताऱ्यांची पाटी असते. हिच्यावर तीन तारे होते.

“अरे गाढवा, बोर्ड व्हायचंय अजून!”

“व्हईल की! पेंटरकडनं आधीच करून ठिवली. साहेबास्नी न्हाई द्यायचं तर कुनाला द्यायचं?” त्यानं पाटीवर फुंकर मारली आणि तिच्यावर जपून खोळ चढवली. साहेब गाडीत नसले की ताऱ्यांवर खोळ घालायचा फौजेचा नियम आहे. तारे माणसाचे असतात, गाडीचे नव्हेत. जोतीरामानं न मिळालेल्या ताऱ्यांनाही तो नियम लावला होता.

मला हसू आलं, पण ती पाटी पाहून मलाही आतून आनंद झाला, हे कबूल करतो.

साहेब त्या संध्याकाळी आर्मी कमांडरना आणायला गेले होते. सकाळी आधी त्यांना गाठायचं आणि तळ्याचं सांगायचं, असं ठरवून मी बूट धुतले, चुलीच्या उबेला वाळवले, पहाटे उठून दोनदा पॉलिश केले. काळे कुळकुळीत झाले. साडेआठला तंबूतून निघालो, तर आर्मी कमांडर ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच मॉडेलपाशी हजर! माझ्या मॉडेलवर वाकून साहेबांचा बेत ऐकत होते. बोलणं इंग्रजीत होतं. मी आपल्या भाषेत सांगतो.

“तळ्यावरून! कारखानीस, गेल्या दहा वर्षांत असं धाडस कुणी दाखवलेलं नाही,” त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. “कोअर चालवायला असाच माणूस लागतो.”

मी जिथं होतो तिथंच थांबलो. यापेक्षा उघड शब्दांत बढती कुणी सांगत नाही. आता मी पुढं होऊन काय सांगायचं? तळं पोकळ आहे म्हणून? आर्मी कमांडरच्या तोंडावर? ज्या माणसाच्या हाताखाली मी मोठा झालो, त्याच्या ताटातला घास मीच ओढायचा?

नऊ वाजता सगळे बसले. मला धरून बारा जण. ऊन चांगलंच वर आलं होतं. मी मॉडेलच्या कडेला सावधान उभा. साहेबांनी छडीनं बेत दाखवला, दहा मिनिटांत संपवला आणि म्हणाले, “धाकट्यानं आधी. घार्गे साहेब, जमीन कशी आहे?”

आर्मी कमांडरना गंमत वाटली असावी. ते खुर्चीत मागे रेलले.

मी म्हणालो, “ठीक आहे, साहेब.”

तीन शब्द. जन्मभर ते माझ्या कानात राहिले आहेत.

माझ्यानंतर मेजर रघुवीर सामंत, इंजिनिअर अफसर, सावंतवाडीकडचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि रिकामाच खाली आला. “काही म्हणणं नाही, सर,” ते म्हणाले. मग कर्नल, मग ब्रिगेडियर. ठीक आहे. उत्तम आहे. बेत अफलातून आहे. अकराच्या अकरा जणांनी होकार दिला.

आता फक्त साहेबांनी ‘चला’ म्हणायचं बाकी होतं. त्यांनी छडी बगलेत धरली आणि ते थांबले. त्यांची नजर माझ्या पायांकडे होती.

“घार्गे साहेब, बूट केव्हा पॉलिश केलेत?”

“पहाटे, साहेब. दोनदा.”

“मग ते पांढरं काय आहे?”

मी खाली पाहिलं. कातड्यात मुरलेलं मीठ उन्हानं वर आलं होतं. उजव्या बुटावर, घोट्याच्या वर बोटभर, सरळ पांढरी रेघ उमटली होती. मिठाच्या पाण्यात भिजलेलं कातडं कितीही घासा, वाळलं की ते बोलतंच. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, “काठी किती गेली?”

त्यांनी ‘तळ्यावर गेला होतात का’ असंही विचारलं नाही. माझी मातीची खोड त्यांना पाठ होती.

“हातभर, साहेब. पाच ठिकाणी.”

साहेब वळले आणि आर्मी कमांडरना म्हणाले, “सर, माझा बेत चुकला आहे. तळ्यावरून जाणार नाही. उत्तरेच्या टेकड्यांना वळसा घालून जाईन.”

“किती वेळ लागेल?”

“सहा तास जास्त.”

“तोवर समोरचे जागे होतील. सराव हरशील तू.”

“बहुतेक हरेन, सर.”

“नकाशा कठीण म्हणतो. विमानातून काढलेले फोटो कठीण म्हणतात. तुझे अकरा अफसर ठीक म्हणतात.” आर्मी कमांडरचा चेहरा लाल झाला होता. “आणि तू एका सुभेदाराच्या बुटांवर डिव्हिजन वळवणार? त्यानंही तुला ठीकच सांगितलं ना?”

“सांगितलं, सर. पण त्या जमिनीवर पाय ठेवून आलेला इथं तो एकच आहे. आणि त्याच्या तोंडापेक्षा त्याचे बूट आज जास्त खरे आहेत.”

साहेबांनी वाकून मॉडेलवरची तळ्यातून जाणारी लाल फीत स्वतःच्या हातानं उचलली आणि उत्तरेच्या टेकड्यांना वळसा देऊन टाकली. जणू रोजचंच काम होतं.

दुपारी त्यांनी मला तंबूत बोलावलं. मी बूट पुन्हा पुसून गेलो. खोटं कशाला बोलू, मनात कुठंतरी वाटत होतं की साहेब पाठ थोपटतील. शेवटी रणगाडे माझ्याच काठीनं वाचवले होते!

ते खुर्चीत बसले होते. मला बस म्हणाले नाहीत.

“खोटं का बोललास, हिंदूराव?”

“साहेब, तुमची बढती…”

“माझी बढती सांभाळायचं काम तुला कुणी दिलं होतं?”

मी बुटांकडे पाहिलं.

“पासष्ट साली मी कंपनी कमांडर होतो,” ते म्हणाले. “ओढ्यावरच्या एका मोरीवरून कंपनी न्यायची होती. मी अफसरांना विचारलं, सुभेदारांना विचारलं. सगळे म्हणाले, चला. मोरीखाली सुरुंग होते. सात माणसं गेली. संध्याकाळी एक शिपाई माझ्याकडे आला, रडत होता. त्यानं आदल्या दिवशी तिथं उकरलेली माती पाहिली होती. मी म्हटलं, बोलला का नाहीस? तर म्हणाला, साहेब, मोठे सगळे ‘चला’ म्हणाले, मग मी काय बोलणार?”

तंबूवर वाळू आपटत होती. साहेबांनी पाण्याचा एक घोट घेतला.

“त्या सात घरी मी पत्रं लिहिली. तेव्हापासून मी खालून विचारतो. तू सगळ्यांत आधी बोलतोस, म्हणून तुझ्यावरच्याला खरं बोलायची हिंमत होते. आज तू खोटं बोललास आणि तुझ्यामागं अकरा अफसर खोटं बोलले. तू माझे कान बंद केलेस. तेही माझ्यावरच्या मायेनं! शत्रूनं केलं असतं तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बेचाळीस वर्षांचा घोडा मी, दोन मुलांचा बाप.

“चूक झाली, साहेब.”

“पुढच्या कॉन्फरन्सलाही आधी तूच बोलणार आहेस. तेव्हा दुरुस्त कर. जा.”

पण पुढची कॉन्फरन्स माझ्या नशिबात नव्हती. आम्ही टेकड्यांना वळसा घालून गेलो, सहा तासांचे सात झाले, समोरचे सज्ज होऊन बसले होते आणि पंचांनी सराव त्यांना दिला. महिन्याभरात माझी बदली ट्रेनिंग सेंटरला झाली. बोर्डाच्या यादीत साहेबांचं नाव आलं नाही. दोन तारे घेऊनच ते निवृत्त झाले. जोतीरामानं ती पाटी काय केली, मी कधी विचारलं नाही.

सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच होती. तळ्यावरून कुणीच गेलं नाही, त्यामुळे ते तळं खरंच पोकळ होतं का, हेही कुणाला कळलं नाही. मेसमध्ये लोक म्हणत, कारखानीसांनी सुभेदाराच्या बुटांपायी कोअर घालवली. कधीकधी गावी शेताच्या बांधावर बसलो असताना मलाच शंका यायची. मी पाच ठिकाणी काठी दाबली, तेवढीच नेमकी मऊ असतील तर? रणगाड्यांच्या वाटेवर कठीण असेल तर?

दोन हजार दहा साली साहेबांना शहात्तरावं वर्ष लागलं, तेव्हा पुण्याच्या एका मेसमध्ये जुन्या माणसांनी दुपारचं जेवण ठेवलं. मलाही बोलावणं आलं. साहेब आणखी किडकिडीत झाले होते, पण पाठ तशीच ताठ. जेवणं होत आली असताना बाहेर गाडी थांबली आणि लेफ्टनंट जनरल रघुवीर सामंत आत आले. तेच, आमचे इंजिनिअर मेजर. आता ते कोअर कमांडर होते.

त्यांनी साहेबांना कडक सलाम केला आणि खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

“सर, हे द्यायला मला बावीस वर्षं उशीर झालाय.”

साहेबांनी चष्मा लावला. कागदावर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते.

“तळ्याच्या दक्षिण काठानं मी गुपचूप सळई ठोकून पाहिली होती,” सामंत साहेब म्हणाले. “रणगाड्यांची वाट होती, बरोबर तिथं. वीस ठिकाणी. सतरा ठिकाणी चार फुटांपर्यंत चिखल. पंचेचाळीस रणगाडे, पावणेदोनशे माणसं. निम्मे तरी रुतले असते, सर, आणि आतली सगळीच माणसं बाहेर आली नसती.”

“वेळ लिहिलीय सकाळी सात. म्हणजे कॉन्फरन्सच्या वेळी हा तुझ्या खिशात होता.”

“होता, सर.”

“मग?”

सामंत साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता. “घार्गे साहेब ठीक आहे म्हणाले. मला वाटलं, एवढा जुना माणूस ठीक म्हणतो, तर माझीच सळई चुकली असेल. तेव्हापासून माझ्याकडेही धाकटाच आधी बोलतो, सर. कोअरमध्येसुद्धा.”

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. चेहरा असा उजळला, जणू बोर्डाची यादीच हातात पडली. मी मात्र ताटाकडे बघत राहिलो. तळं पोकळ होतं याचा आनंद करू, की माझ्या तीन शब्दांनी त्या कागदाला खिशातच गाडलं याची लाज वाटून घेऊ? दोन्ही एकदमच झालं.

निघताना सामंत साहेब म्हणाले, “सर, मला इथं अजून तासभर काम आहे. माझी गाडी तुम्हाला घरी सोडेल.”

गाडी पोर्चमध्ये उभी होती, पुढं लाल पाटी, वर तीन तारे. सामंत साहेब बसणार नाहीत हे पाहून ड्रायव्हर नियमाप्रमाणे खोळ घेऊन पुढं झाला. चाळिशीतला हवालदार होता, कऱ्हाडकडचा.

“राहू दे उघडी,” सामंत साहेब म्हणाले. “आज कारखानीस साहेब बसणार आहेत. हे तारे त्यांचेच होते.”

जोतीराम आज इथं असायला हवा होता.

साहेब गाडीच्या दारापाशी थांबले. पाटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“धाकट्यानं आधी बोलायचं,” ते हळू आवाजात म्हणाले आणि ड्रायव्हरकडे वळले. “हवालदार, पाटी उघडी ठेवायची का?”

ड्रायव्हरनं एकदा आपल्या कोअर कमांडरकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्या साहेबांकडे. “ठीक आहे, साहेब,” तो म्हणाला.

माझेच तीन शब्द. साहेबांच्या ओठांवर हसू आलं.

“आता तुम्ही, घार्गे साहेब.”

माझं मन काय म्हणत होतं ते सांगायला नको. पाटी उघडी राहावी, गाडी पुण्याच्या भर रस्त्यातून जावी, पोलिसांनी सलाम ठोकावा, आणि निदान एक दिवस माझ्या साहेबांच्या पुढं तीन तारे चालावेत. बावीस वर्षं मी दुसरं काय मागितलं होतं?

“झाकायला पाहिजे, साहेब,” मी म्हणालो. “तुम्ही मेजर जनरल म्हणून निवृत्त झालात. तीन तारे तुमचे नाहीत.”

सामंत साहेबांनी मान खाली घातली. ड्रायव्हर माझ्याकडे टकमक पाहत राहिला. मी त्याच्या हातातली खोळ घेतली, गाडीपुढं गेलो आणि ती स्वतःच्या हातानं तिन्ही ताऱ्यांवर चढवली. नाड्या ओढून पहिली गाठ मारली.

मागून साहेबांचा आवाज आला. हसत होते.

“बावीस वर्षं लावलीस, हिंदूराव.”

“जी साहेब,” मी म्हणालो, आणि नाडीला दुसरी गाठ मारली.